ताणावर सोडलेला दुरियान

मार्गशीर्ष लागला की आमच्या भागातल्या मोसंबीच्या बागा मुक्या होतात. एरवी ठिबकच्या नळ्यांमधून थेंबांची बारीक चुळबुळ चाललेली असते, ती एका सकाळी थांबते. मोटारीच्या पेटीवर कोळी जाळं धरतो आणि चौसाळ्यातल्या माझ्या दुकानात माझ्याशिवाय कोणी येत नाही. मी ठिबकचं सामान विकतो. नळ्या, कॉक, फिल्टर, आणि गिऱ्हाईक जरा टेकलं तर फुकटात गोष्टी. या दिवसांत नळ्या खपत नाहीत आणि गोष्टी ऐकायला माणूस नसतो. मग मी स्कूटर काढतो आणि पिवळ्या पडत चाललेल्या बागांच्या कडेकडेनं उगीच हिंडून येतो.

ज्यांनी मोसंबी फक्त ग्लासात पाहिली आहे त्यांना सांगितलं पाहिजे. हा दुष्काळ मुद्दाम केलेला असतो. याला बाग ताणावर सोडणं म्हणतात. विहिरीत पाणी असतानाही झाडाला महिना-दीड महिना थेंब द्यायचा नाही. पानं आधी मलूल होतात, मग कडेनं आत वळतात, मग पिवळी होऊन गळू लागतात. झाडाला वाटतं, आपलं आता काही खरं नाही. त्याला तसं वाटलं की आंबवणी द्यायची, म्हणजे पहिलं हलकं पाणी. झाड दचकून उठतं आणि अंगभर फुलतं. चार दिवस आधी पाणी दिलं तर नुसता पाला येतो, चार दिवस उशीर झाला तर फांद्या वाळतात. सगळं कसब तो एक दिवस ओळखण्यात.

म्हणजे आपल्याकडं झाडाला आधी दमवायचं आणि मग त्याच्याकडं फळ मागायचं, अशी रीत आहे. माणसांचंही फार वेगळं नसावं. पण हे मी पन्नाशीनंतर बोलायला लागलो, त्यामुळं ते शहाणपण आहे की गुडघेदुखी, मला नक्की सांगता येत नाही.

तो दिवस ओळखणारा माणूस म्हणजे माझे थोरले भाऊ, तात्या. चौसाळ्यापासून तीन किलोमीटरवर आमचं शेत आहे, तिथंच ते आणि वहिनी राहतात. तात्यांची तपासणी बघण्यासारखी असे. ऊन अंगावर यायच्या आत बागेत शिरायचं. चार-पाच झाडं सोडून एका झाडापाशी थांबायचं. त्याचं एक पान तोडून कानाशी धरायचं आणि डोळे मिटून चुरगळायचं. बागेचा मालक श्वास धरून उभा. तात्या पान टाकायचे आणि म्हणायचे, "परवा सोड." किंवा, "आजून आठ दिस. बोलंना." पान बोलतं, यावर आख्ख्या पंचक्रोशीचा विश्वास होता. दिंद्रुडपासून युसूफ वडगावपर्यंतचे बागाईतदार जीप घेऊन यायचे. तात्या पैसा घेत नसत. फक्त जीपमध्ये पुढं बसायचे. वर्षभर जो माणूस शेण काढतो, वीज कधी येईल म्हणून खांबाकडं बघत बसतो, त्याला हे दहा-पंधरा दिवस पुढची शीट मिळायची. धुतलेलं धोतर, पांढरा फेटा. मी लहानपणापासून नाटकी माणूस आहे, पण तात्यांच्या त्या डोळे मिटण्यापुढं माझं काहीच नाही.

या घरात दुरियान मी आणला. कबूल करून टाकतो.

पाच वर्षांपूर्वी मी एका कृषी प्रदर्शनाला गेलतो. तिथं एका मांडवात दुरियान नावाच्या परदेशी फळाचं, गुळगुळीत कागदावरचं चित्र लावलेलं. छातीएवढं झाड आणि त्याला माणसाच्या डोक्याएवढी काटेरी फळं. फणसाचा कोणीतरी चिडका चुलतभाऊ असावा तशी. विकणारा पोरसवदा गृहस्थ माझ्याहून मोठा नट निघाला. मूळ झाड ताडामाडासारखं वाढतं, फळाला दहा वर्षं लावतं. पण ही बुटकी कलमं आहेत, चौथ्या वर्षी फळ घ्या. वास? वास असा की विमानात नेऊ देत नाहीत. मला ते विमानाचं इतकं आवडलं की मी तीन रोपं घेतली. प्रत्येक रोपाला तीन-तीन बुडं. तीन रोपट्यांची खोडं तिरकी आणून एकाच कलमाला जोडलेली, म्हणजे एका धडाला तीन मुळांचं जेवण मिळावं आणि झाडानं लवकर वयात यावं.

मी गंमत म्हणून आणली होती. चार दिवस हसू, आठव्या दिवशी वाळतील. तात्यांनी एक रोप हातात घेतलं, पान उलटं केलं. दुरियानचं पान वरून गर्द हिरवं असतं आणि खालून तांबूस सोनेरी, जणू कुणी आतून अस्तर लावलंय. तात्या बराच वेळ ते अस्तर बघत राहिले.

"चार वर्षात म्हनला का रं?"

"तो म्हणला. चित्रात तं लागलीच हायेत."

"मोसंबी आपल्या आबानं लावली म्हनून मी लावली. कापूस शेजाऱ्यानं लावला म्हनून मी लावला. अडुसष्ट वर्षं झाली. मी जे केलं ते माझ्याआधी कुनीतरी केलेलं व्हतं." मग रोप खाली ठेवून म्हणाले, "दहा वर्षं थांबायला सांगितलं आसतं तं तुझ्या डोक्यात घातलं आसतं बे. चार वर्षं जमतील."

मी हसलो. ते हसले नाहीत. तेव्हाच मी समजायला हवं होतं.

त्यानंतर तात्यांनी त्या तीन झाडांसाठी जे केलं ते स्वतःसाठी कधी केलं नाही. आमची काळी माती आणि बोअरचं जड पाणी त्यांना मानवत नव्हतं. मग खड्ड्यातली माती काढून मुरूम, तळ्यातला गाळ आणि जुनं शेणखत भरलं. पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवलं, ते फक्त दुरियानला. वर हिरवी जाळी. उन्हाळ्यात भोवती गोणपाटं बांधून ती दिवसातून चारदा ओली करायची. शेंडा छातीच्या वर गेला की खुडायचा. फांदी उभी वाढली तर लवकर फळ धरत नाही, म्हणून सुतळीला दगड बांधून ती आडवी वाकवायची. दोन झाडं विहिरीच्या बाजूला होती. जाळी कमी पडली म्हणून तिसरं स्वयंपाकघराच्या मागं, कडुलिंबाच्या सावलीत.

वहिनी दारातून बघायच्या. "झाड हाय का शाळंतलं पोरगं? वाढलं की छाटता, उभं ऱ्हायलं की वाकिवता."

"बुटकं ऱ्हायलं तरच लवकर फळतंय," तात्या म्हणायचे.

"मंग मी कावून न्हाई फळले अजून?" साडेचार फुटी वहिनी म्हणायच्या, आणि आत जायच्या.

मी हिंडायला निघालो की हेच सगळं आठवत राहतं. आणि शेवटी मन त्या एका हिवाळ्यापाशी जाऊन थांबतं, दोन वर्षांपूर्वीच्या. त्या वर्षी थंडी कोरडी होती. सकाळी ओठ फुटायचे. मोसंबीच्या बागा ताणावर गेल्या होत्या आणि तात्या एका संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन म्हणाले, "औंदा दुरियानबी ताणावर सोडायचा."

मी म्हणालो, "तात्या, हे सदा पावसाच्या मुलखातलं झाड हाय. त्याला तहानेची सवय न्हाई."

"झाड ते झाड. पोटात भ्या शिरल्याबिगर कुनी फळ देत न्हाई. चाळीस वर्षं बागा बघतोय मी. चल, कॉक बंद कर."

मी गेलो आणि तिन्ही कॉक बंद केले. मला शंका होती, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर मनात हेही होतं की जगलं काय, मेलं काय, गोष्ट मात्र झकास होणार. माझ्यासारख्या माणसाला ही खोड असते. घर पेटलं तरी तो आधी बघतो की ज्वाळा कुठल्या बाजूनं चांगल्या दिसतील.

पंधरा दिवसांनी पानं वळायला लागली. अस्तर बाहेर आलं. विहिरीजवळची दोन्ही झाडं दुपारच्या उन्हात तांब्याची वाटायची. तिसरं हिरवंच होतं; सावलीतल्याला ताण उशिरा बसतो म्हणून तात्या तिकडं फिरकत नसत. किती सुंदर दिसत होती, सांगतो; मरायला टेकलेल्या गोष्टीनं इतकं सुंदर दिसू नये. तात्या रोज सकाळी पान कानाशी धरायचे, चुरगळायचे, थांबायचे. पुन्हा दुसरं पान. मोसंबीचं पान कसं हलकं, कुरकुरतं. हे जाड, चामड्यासारखं. त्याचं बोलणं वेगळं असणार. तात्यांना ते येत नव्हतं, आणि येत नाही हे म्हणवत नव्हतं.

"काय म्हणतंय?" मी विचारायचो.

"आजून बोलंना."

तिसाव्या दिवशी बोलंना. पस्तिसाव्या दिवशी बोलंना. तात्यांचे डोळे खोल गेले होते. मोसंबीवाल्यांच्या जीपा येत होत्या, ते जात होते, पुढं बसत होते; पण परत आले की फेटा न उतरवता थेट त्या दोन झाडांपाशी. सदतिसाव्या दिवशी, संक्रांतीला, त्यांनी बुंध्याशी तिळगूळ ठेवला आणि आंबवणी दिली. मी कॉक उघडला. मातीनं पाणी पिलं. झाडांनी नाही.

ताण चालू होता त्याच दिवसांतली एक सकाळ. मी लवकर शेतावर गेलतो. आमच्याकडं आदल्या दिवशीचं पिण्याचं पाणी सकाळी शिळं होतं. माठ आणि घागर रिकामी करून ताजं भरायचं, ही घरोघरची रीत. वहिनी कमरेवर घागर घेऊन मागच्या दारानं आल्या आणि त्यांनी ते शिळं पाणी लिंबाखालच्या दुरियानच्या बुडाशी ओतलं. सावकाश, चारी बाजूंनी, जसं लेकराच्या डोक्यावरून पाणी घालावं.

"वहिनी! हे काय?"

दचकल्या, पण क्षणभरच. "शिळं पानी कुठंतरी वतायचंच ना भावजी. इथं वतलं."

"रोज?"

"रोजच शिळं व्हतंय."

"अन् तात्यांचा ताण?"

"ताण त्यांचा. पानी माझं." मग पदरानं घागर पुसत म्हणाल्या, "मला न्हाई बघवत कुनी तहानलेलं. ती दोन लांब पडतात, गुडघे न्हाई चालत माझे. कुनाला बोलू नका. त्यांना तं अजिबातच न्हाई."

मी घशाला चिमटा काढून शपथ घेतली.

माघाच्या शेवटी लिंबाखालच्या झाडाच्या आडव्या फांदीवर, थेट सालीतून, शेंगदाण्याएवढ्या गाठी फुटल्या. कळ्या! तात्या धावत आले नाहीत. एकाहत्तराव्या वर्षी माणूस धावत नाही. पण त्यांचं चालणं बदललं. विहिरीजवळची दोन्ही झाडं वाळून गेली होती, तरी तात्या त्यांचं नावही काढेनात. "ती लेचीपेची व्हती. ह्याला ताण बसला." निरोप गेले. रविवारी मोटारसायकलींची रांग लागली. पंधरा-वीस बागाईतदार, अंगणात खुर्च्या, वहिनींचा चहा. तात्या धुतलेल्या फेट्यात झाडापाशी उभे. मी त्यांना इतकं उंच कधी पाहिलं नव्हतं.

"सदतीस दिस," तात्या सांगत होते. "एक थेंब न्हाई दिला."

कोणीतरी साधंच विचारलं, "पण तात्या, तिन्हीला सारखाच दिला ना? मंग एकालाच कावून लागू पडला?"

आणि एक शांतता झाली.

अशी शांतता गोष्ट सांगणाऱ्याच्या नशिबात दहा वर्षांतून एकदा येते. सगळे कप बश्यांवर टेकलेले. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला. उत्तर कोणाकडंच नाही, आणि माझ्याकडं आहे. मी उठलो. मी विचार केला नाही. विचार केला असता तर उठलो नसतो. मी कमरेवर घागर घेतल्यासारखा हात धरला, साडेचार फुटी झालो, पदर सावरला आणि तुरुतुरु झाडापाशी जाऊन चारी बाजूंनी ओतल्याची नक्कल केली. "ताण त्यांचा, पानी माझं!" वहिनींच्या आवाजात, हुबेहूब. "सदतीस दिसात थेंब न्हाई. घागरी मातर सदतीस!"

अंगण फुटलं. एकानं मांडी बडवली, एकाच्या नाकातून चहा आला. "म्हंजे तात्या, ताण तुमी दिला अन् बहार वहिनीनं धरला!"

तात्याही हसले. सगळ्यांच्या शेवटी, जरा उशिरा. मग त्यांनी अर्धा भरलेला कप बशीत ठेवला, तो नीट मध्यभागी बसला का ते बघितलं, आणि गोठ्याकडं गेले. वहिनी मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. दार लोटून घेतलं.

आयुष्यात मला इतकी दाद कधी मिळाली नव्हती.

कळ्या पुढं फुलल्या. दुरियानचं फूल दिवस कलल्यावर उमलतं आणि परागीकरणाला त्याच्या देशात वटवाघळं येतात. आमची वटवाघळं या झाडाला ओळखत नव्हती. मग दिवेलागणीला मी आणि वहिनी तात्यांचा दाढीचा ब्रश घेऊन फुलाफुलावरून फिरवायचो. वहिनी माझ्याकडं न बघताच ब्रश पुढं करायच्या. तात्या आतल्या खोलीत असायचे. एकच फळ धरलं. लिंबाएवढं झालं, त्याचे काटे अजून मऊ होते, आणि चैत्रातल्या उन्हाच्या एका झळेत गळून पडलं. वहिनींनी ते चुलीवरच्या कोनाड्यात ठेवलं. आठ दिवसांनी तात्यांनी ते उचलून नाकाशी धरलं आणि पुन्हा जागेवर ठेवलं.

"कायबी वास न्हाई," म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात जीपा आल्या आणि रिकाम्या गेल्या. "मला न्हाई कळत आता. मोबाइलमधी बघा," एवढंच ते सांगायचे. तसं उद्धटपणे नाही, दमलेला माणूस उसनं मागायला आलेल्याला सांगतो तसं. लोकांनी तारखा मोजून पाणी सोडलं. कोणाला साधलं, कोणाचा नुसता पाला झाला. मी एकदा धीर करून म्हणालो, "तात्या, माझं चुकलं."

"खोटं थोडंच बोललास?" ते म्हणाले आणि बैलाच्या पाठीवरची माशी हाकलत राहिले.

चिडले असते तर मी निस्तरलं असतं. चिडलेल्या माणसाला हसवता येतं, मला ती विद्या आहे. पण तात्या चिडले नव्हते. त्यांनी स्वतःवरचा विश्वास काढून ठेवला होता, फेटा काढून ठेवतात तसा, आणि तो पुन्हा डोक्यावर चढवायचं बळ त्यांच्यात नव्हतं. मलाही नंतर दुकानात गोष्टी सांगायचा कंटाळा येऊ लागला. लोक म्हणायचे, ती घागरीची सांगा ना. मी नळ्या मोजत बसायचो.

आणि गेल्या आठवड्यात युसूफ वडगावचे बालासाहेब आले. नवी बाग, पहिलाच ताण. मी तेव्हा शेतावरच होतो. बालासाहेब जीपमधून उतरले ते हात जोडूनच. "तात्या, पानं लई गळायलीत. चला तुमी. बायको रडायली घरी."

"मला न्हाई कळत बालासाहेब."

"आसं नका म्हनू."

तात्यांनी मागच्या दाराकडं मान केली. आवाजात टोमणा होता, आणि थोडं आणखी काहीतरी होतं. "तिला इचारा. पान्याचं तिला कळतंय."

वहिनी भांडी घासत होत्या. त्यांनी हात धुतले. पदराला पुसले. चप्पल पायात सरकवली आणि जीपच्या पुढच्या शीटवर जाऊन बसल्या.

"आगं, तू कुठं?" तात्या म्हणाले.

"तुमीच म्हनलात, तिला इचारा."

"आगं पण—"

"येता का बसता?"

तात्या मागच्या शीटवर चढले. फेटा नव्हता, पायजमा होता, तोही गुडघ्यावर फाटका. मी न विचारता त्यांच्या शेजारी घुसलो. चाळीस वर्षांत वहिनी दुसऱ्याच्या बागेत पहिल्यांदा चालल्या होत्या. 

बागेत वहिनींनी पान तोडलंच नाही. एका झाडाखाली फतकल घालून बसल्या, बोटांनी माती उकरली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि तशाच राहिल्या. बालासाहेब श्वास धरून उभे.

"उशीर झालाय," वहिनी म्हणाल्या. "दोन दिस."

तात्या इतका वेळ बांधावर पाठ करून उभे होते. ते वळले, जवळच्या झाडाचं पान खुडलं, कानाशी नेलं. डोळे मिटले.

"तीन," म्हणाले.

"दोनच. खाली गार हाय अजून."

"खालचं काय घिऊन बसलीस? पान बघ कसं कडकड करायलंय."

"पान काय, पान ओरडतंच. मुळी काय म्हनती ते बघावं मानसानं."

"मला शिकवू नको बागंचं."

"न्हाई शिकवत. पर दोनच."

एका ओळीतून ती दोघं भांडत चालली, झाडाझाडाशी थांबत, तात्या पानं खुडत आणि वहिनी माती उकरत. बालासाहेब मागं मागं कॉकची किल्ली घेऊन. ओळ संपली तरी निकाल लागेना. शेवटी बालासाहेब माझ्याकडं बघून काकुळतीनं म्हणाले, "मंग सोडू का न्हाई पानी?"

"आरं सोड की!" तात्या तिकडून ओरडले. "आत्ता सोड! पर हलकं सोड, लई न्हाई."

"अन् दुसरं पानी आज राती न्हाई, उद्याला," वहिनी म्हणाल्या.

"परवा."

"बरं, परवा."

परतताना दुपार झाली होती. बालासाहेबांच्या घरचं जेवण अंगावर आलेलं. वहिनी पुढं, हाताला कोपरापर्यंत सुकलेली माती. आम्ही दोघं भाऊ मागं. तात्यांची मान हळूहळू माझ्या खांद्यावर आली आणि जड झाली. मला राहवेना. आजचं सगळं जिभेवर नाचत होतं, ते फतकल घालून बसणं, ते 'तीन', ते 'दोनच'. मी पुढं वाकून बालासाहेबांना म्हणालो, "तुम्हाला सांगतो बालासाहेब, वहिनी जेव्हा मातीत हात घालून बसल्या ना, तेव्हा तात्यांचं तोंड—"

वहिनींनी मागं वळून बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडं.

"भावजी, जरा गप ऱ्हावा," हळू आवाजात म्हणाल्या. "लई दिसांनी डोळा लागलाय त्यांचा."